हिशेब रमाईंच्या संसाराचा

७ फेब्रुवारी आणि २७ मे. माता रमाईंचा जन्मदिन आणि स्मृतिदिन. हे दोन दिवस आमच्या वस्तीवस्तीतून पाळले जातात. पंचशील ध्वज लागतो, महिला मंडळाच्या भगिनी पांढऱ्या साड्या नेसून वंदनेला बसतात, रात्री गायन पार्टी उभी राहते. भाषणांतून त्यागमूर्ती हा शब्द इतक्या वेळा येतो की त्यामागची बाई दिसेनाशी होते. त्याग कसला, कोणत्या साली, कोणत्या खोलीत, किती पैशांत, हे क्वचितच कोणी सांगतो. पाच मिनिटांत वक्ता बाबासाहेबांच्या पदव्यांकडे वळतो आणि रमाई पुन्हा चुलीपाशी जाऊन बसतात.

आम्ही वकिली करणारी माणसे. आम्हाला सवय तारखांची, कागदांची आणि साक्षीपुराव्याची. ज्या माउलीचे नाव शासनाने घरकुल योजनेला दिले, ज्या नावाच्या घाटकोपरच्या नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जीव घेतले, त्या माउलीचा स्वतःचा संसार कसा चालला, हे एकदा नीट मांडून पाहिले पाहिजे असे आम्हाला वाटते. श्रद्धा त्याने कमी होत नाही.

रमाईंचा जन्म १८९८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धोत्रे, आई रुक्मिणी. दाभोळच्या बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावर वाहून बाजारात पोहोचवायच्या आणि त्यावर मुलाबाळांसह आपण दोघे जगायचे, हा भिकूबाबांचा धंदा. जमीन नाही, नोकरी नाही. कोकणातल्या महारांनी पलटणीत जाऊन थोडेफार स्थैर्य मिळवले होते, तो दरवाजाही इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केला होता. रामजीबाबा सुभेदार झाले, भिकूबाबा टोपली वाहत राहिले. एकाच जिल्ह्यातल्या, एकाच जातीतल्या दोन घरांत हे अंतर होते, आणि पुढे ही दोन घरे सोयरिकीने जोडली गेली.

आई लवकर गेली, पाठोपाठ वडील गेले. वलंगकर काका आणि गोविंदपूरकर मामा या पोरक्या भावंडांना मुंबईला भायखळ्याला घेऊन आले. तिथे सुभेदारांच्या नजरेला ही मुलगी पडली. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात लग्न लागले. दिवसभराचा धंदा आटोपून कोळणी आणि विक्रेते घरी गेल्यावर, रिकाम्या ओट्यांमध्ये, खालून गटार वाहत असताना. मंडप भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती. आणि असती तरी त्या काळात अस्पृश्यांना मुंबईत कोण कार्यालय देणार होते? नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरदेव शाळेत शिकणारा. बालविवाहच तो. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा यायला १९२९ साल उजाडावे लागले. माहेरची रमी सासरी रमाबाई झाली.

परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्या हा त्यांचा संसार. त्या घरात वाचनाला प्रतिष्ठा होती आणि पैशाला वाट नव्हती. १२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतचा जन्म झाला. महिना-दीड महिन्यात पती बडोद्याला नोकरीवर गेले, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले. घराचा आधारच गेला. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. ही शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंडांची. त्यात स्वतःचे राहणे, खाणे, पुस्तके, आणि उरलेच तर घरी पाठवायचे. कोलंबिया विद्यापीठाचा अभिमान आम्ही सगळेच बाळगतो. त्याच चार वर्षांत परळच्या खोलीत पंधरा वर्षांची एक मुलगी तान्हे मूल घेऊन, मोठ्या कुटुंबात, येईल त्या पैशांत दिवस ढकलत होती, ही त्या पदवीची दुसरी बाजू. ती कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेली नसते.

ऑगस्ट १९१७ मध्ये पती परतले, करारानुसार बडोद्यास गेले आणि अस्पृश्य म्हणून राहायला जागा न मिळाल्याने थोड्याच दिवसांत मुंबईला परत आले. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे. चाळीतल्या शेजारणींना वाटले असेल, आता रमाबाईचे दिवस पालटले. पण ते पैसे घरात आले नाहीत. लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला होता, तो पुरा करायचा म्हणून बाबासाहेब पगारातून शिल्लक टाकत होते आणि घरखर्चाला मोजून रक्कम देत होते. प्राध्यापकाची बायको त्या मोजक्या रकमेत घर चालवत होती. त्या एवढ्याशा पैशांत ३१ जानेवारी १९२० ला सुरू झालेल्या 'मूकनायक'च्या दिवसांतली ये-जा, चहापाणीही आलेच. कार्यकर्ता घरी आला की त्याच्या पुढे काय ठेवायचे, ही काळजी पुढाऱ्याच्या बायकोची. आजही तीच आहे. आमच्या घरचीही काही वेगळी नाही.

जुलै १९२० मध्ये शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांचे कर्ज आणि साठवलेली पुंजी घेऊन बाबासाहेब लंडनला गेले, ते एप्रिल १९२३ मध्ये परतले. दोन्ही खेपा मिळून जवळजवळ सात वर्षे. रमाईंचे वैवाहिक आयुष्य एकोणतीस वर्षांचे. त्यातली सात परदेशाने घेतली. गोलमेज परिषदांच्या फेऱ्यांनी पुढे आणखी कितीतरी महिने घेतले, आणि उरलेल्यातली बहुतेक वर्षे चळवळीने आणि पुस्तकांनी.

शेण आणि गोवऱ्या यांची गोष्ट आमच्या गायन पार्ट्यांनी गावोगाव नेली आहे. शाहू महाराजांनी दिलेला फेटा लुगडे म्हणून नेसल्याची गोष्टही तशीच. काही विद्वान मंडळी अशा आठवणींना दंतकथा म्हणून बाजूला सारतात. फेट्याच्या गोष्टीला कागद मागत बसण्याची आम्हाला गरज वाटत नाही, ती समाजाने जपलेली आठवण आहे. पण शेणींच्या बाबतीत तर साक्ष खुद्द बाबासाहेबांची आहे. १९२८ मध्ये 'बहिष्कृत भारत'मध्ये आपल्यावरच्या टीकेला आणि समाजाच्या थंडपणाला उत्तर देताना त्यांनी स्वतःच्या संसाराविषयी छापील मजकुरात लिहिले आहे. आपण परदेशात असताना पत्नीने रात्रंदिवस प्रपंचाची काळजी वाहिली, आणि आपण परत आल्यावरही, हलाखीच्या काळात, डोक्यावरून शेणी वाहून आणायला ती कचरली नाही, असा त्यातला आशय आहे. अशा स्त्रीसोबत दिवसातला अर्धा तासही घालवता येत नाही, ही खंतही त्यांनी तिथेच नोंदवली आहे.

यातला बारकावा आमच्यातले अनेक वक्ते निसटू देतात. शेणी वाहण्याचे काम पती विलायतेला असतानाच्या दिवसांपुरते नव्हते. बॅरिस्टर होऊन आल्यानंतरचे ते आहे. सनद घेतली तरी पक्षकार कुठून येणार? स्पृश्य पक्षकार अस्पृश्य बॅरिस्टरकडे कशाला येईल, आणि अस्पृश्य पक्षकाराकडे द्यायला फी कुठली? बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत शिकवून बाबासाहेब घरखर्चाची तोंडमिळवणी करत होते. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ अशा माणसाच्या पत्नीने इंधनाच्या पैशांची बचत करण्यासाठी शेणी वाहिल्या. जात म्हणजे काय, हे समजायला एवढा एक कागद पुरे. आणि हे लिहून छापणाऱ्या माणसालाही आम्ही दाद देतो. त्या काळच्या किती पुढाऱ्यांनी आपल्या वर्तमानपत्रात बायकोचे ऋण असे जाहीर मान्य केले?

घरात खाणारी तोंडे काही थोडी नव्हती. थोरले दीर आनंदराव यांच्या निधनानंतर जाऊबाई लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद याच कुटुंबात होते. दोन जावा एकाच चुलीवर राहिल्या. त्यातली भांडणे, रुसवेफुगवे इतिहासाला ठाऊक नाहीत, पण घर मोडले नाही हे ठाऊक आहे.

आता मुलांविषयी. हे लिहिताना हात जड होतो. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. पाच लेकरांतला एक यशवंत जगला. गंगाधर, रमेश आणि इंदू लहानपणीच गेले. शेवटचा राजरत्न, बाबासाहेबांचा अतिशय लाडका, जुलै १९२६ मध्ये गेला. पुढच्या महिन्यात बाबासाहेबांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना पत्र लिहिले. त्या पत्रात धीराचा आव नाही. आपण आणि पत्नी या धक्क्यातून सावरलो नाही आणि सावरू असे वाटतही नाही, असे ते कळवतात. महाडचा सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ ला. राजरत्न जाऊन आठ महिने झाले होते. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावणारा माणूस कोणत्या घरातून निघून गेला होता, आणि त्या घरात मागे कोण बसले होते, हे महाडच्या क्रांतिदिनी कधी तरी आठवावे.

चार मुले का गेली? दैवाला दोष देणारे देवोत. आम्ही देत नाही. अपुरे अन्न, चाळीतली कोंदट हवा, बाळंतपणानंतर विश्रांती नाही, औषधाला पैसे नाहीत. गिरणगावातल्या हजारो आयांची हीच कहाणी होती. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मालकाने व सरकारने उचलला पाहिजे, अशी बाजू त्यांनी मांडली. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत मांडला, त्यामागेही बाबासाहेबच होते. त्या भाषणांत रमाईंचे नाव कुठे नाही. कायदेमंडळात माणूस घरचे दुःख सांगत नाही. परंतु बाळंतिणीच्या हालांविषयी हा माणूस पुस्तकातून शिकला होता असे कोणी आम्हाला सांगू नये.

रमाईंची प्रकृती ढासळत गेली तेव्हा हवापालटासाठी त्यांना धारवाडला पाठवण्यात आले. तिथे बाबासाहेबांचे सहकारी बळवंतराव वराळे अस्पृश्य मुलांचे वसतिगृह चालवत होते. वराळे यांनी सांगितलेली आठवण समाजाला पाठ आहे. रमाईंना दिसले की आवारात नेहमी खेळणारी मुले दोन-तीन दिवस दिसत नाहीत. चौकशी केली तर कळले, सरकारी अनुदान आले नाही, धान्य संपले, मुले उपाशी आहेत. रमाईंनी आपल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या आणि गहाण ठेवून धान्य आणायला सांगितले. मुले त्यांना रमाआई म्हणू लागली, असे सांगतात.

इथे आमच्यातल्या वकिलाला थोडे बोलू द्यावे. त्या काळच्या हिंदू कायद्याने विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या घरात, जमिनीत, बँकेतल्या पैशांत तिचा म्हणून काहीही हिस्सा नव्हता. पूर्णपणे तिचे म्हणता येईल असे होते फक्त स्त्रीधन, म्हणजे अंगावरचे दागिने. आणि रमाईंनी दिले ते नेमके तेवढेच. बाबासाहेबांनी पुढे हिंदू कोड बिलात मुलीचा वारसा, पत्नीचा हक्क, घटस्फोट यांसाठी सगळी शक्ती लावली आणि बिल रखडवले गेले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आपल्या समाजातले काही पुरुष तेव्हाही म्हणत होते, हिंदूंच्या बायकांसाठी बाबासाहेबांनी एवढे का करावे? त्यांनी धारवाडच्या बांगड्या आठवायला हव्या होत्या.

आणि घरकामाचे मोल? तेही कायद्याला फार उशिरा कळले. अपघातात गृहिणी गेली तर भरपाई किती, हा प्रश्न न्यायालयात आला की विमा कंपनीचा वकील विचारायचा, बाई कमवत काय होती? २००१ मध्ये लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले. २०१० मध्ये अरुणकुमार अगरवाल प्रकरणात न्यायालयाने गृहिणींना जनगणनेत भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसवल्याबद्दल खेद व्यक्त केला. २०२१ मध्ये कीर्ती प्रकरणात पुन्हा तेच बजावले. आमच्याकडे अशी प्रकरणे येतात तेव्हा मृत बाईचा नवराच कधी कधी सांगतो, ती काही करत नव्हती साहेब, घरीच असायची. सकाळी चार वाजता उठून पाणी भरणारी ती बाई नवऱ्याच्या लेखी काही करत नव्हती! त्याच्या घरात भिंतीवर रमाईंची तसबीर असते.

रमाईंच्या श्रद्धेबद्दल आमची माणसे जरा अवघडून बोलतात. त्या देवभोळ्या होत्या. शनिवारी उपवास करायच्या, नवऱ्याच्या सुखरूपतेसाठी देवाला साकडे घालायच्या. १९५६ ची धम्मदीक्षा त्यांनी पाहिली नाही. हे लपवण्याचे कारण काय? त्या काळातली आमची प्रत्येक आजी-पणजी तशीच होती. पंढरपूरला जाण्याची त्यांची फार इच्छा होती. बाबासाहेबांनी नकार दिला. जे देऊळ आपल्याला आत घेत नाही, जिथे चोखोबाच्या समाधीपाशी दारातच थांबून हात जोडावे लागतात, तिथे जाऊन काय करायचे, सेवेने आणि त्यागाने आपण आपलेच दुसरे पंढरपूर उभारू, अशा अर्थाने त्यांनी पत्नीची समजूत घातली. रमाईंची समजूत पटली की मन मारले, हे त्यांनी कुणाला सांगितलेले नाही. पण त्या गेल्या नाहीत. नाशिकला २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. पाच वर्षे दार उघडले नाही. विठ्ठलाचे देऊळ अस्पृश्यांना उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. रमाईंना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती, आणि बाबासाहेब त्या दारापासून फार पुढे निघून गेले होते.

दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. चाळीतून त्या प्रशस्त घरात रमाई आल्या खऱ्या, पण तोवर शरीर थकून गेले होते. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. वय सदतीस. हजारोंच्या संख्येने समाज अंत्ययात्रेला लोटला. विधी यशवंतच्या हातून झाले आणि ते सांगायला ब्राह्मण नव्हता, चळवळीतलेच शंभू मोरे होते. बाबासाहेबांनी डोक्याचे मुंडण केले आणि काही दिवस ते विरक्त होऊन कोणाशी न बोलता खोलीत बसून राहिले. चळवळीतल्या माणसांना धास्ती वाटली की हा माणूस आता सारे सोडून देतो की काय.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. रमाईंना मोठे करण्यासाठी माईसाहेबांना लहान करण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, ती आम्हाला मान्य नाही. माईसाहेब २९ मे २००३ रोजी गेल्या, तोवर आपण त्यांना पुष्कळ छळले. रमाईंना अशा तुलनेची गरज नाही, आणि त्यांच्या नावाने एका स्त्रीचा अपमान व्हावा हे त्यांच्या स्वभावाला धरूनही नाही.

जून १९३५ च्या पहिल्याच आठवड्यात बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सरकारी पगार, मानाची जागा, दर महिन्याला ठरलेली रक्कम. रमाईंनी ज्या स्थैर्याची एकोणतीस वर्षे वाट पाहिली ते घरात आले तेव्हा त्यांना जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. साडेपाच वर्षांनी, डिसेंबर १९४० मध्ये, 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ निघाला. देशाच्या फाळणीचा प्रश्न, आकडे, नकाशे, राजकारण यांनी भरलेला. तो त्यांनी पत्नीच्या स्मृतीला अर्पण केला आहे. तिच्या मनाचा चांगुलपणा, चारित्र्याची शुद्धता आणि कोणी मित्र नसलेल्या टंचाईच्या दिवसांत शांतपणे सोबत सोसण्याची तयारी, यांची तिथे नोंद आहे. अर्पणपत्रिकेत रमाबाई आंबेडकर हे नाव नाही. घरात ज्या नावाने हाक मारत होते, तेच आहे: रामू.